व्यायामाची सुरुवात आणि छोट्या यशाचं कौतुक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्यांचे आहेत. कोणाला डॉक्टरांनी दटावलेलं असतं, कोणाचे गुडघे कुरकुरत असतात, कोणाला मुलीच्या लग्नात दमल्याशिवाय नाचायचं असतं. मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना इथे फारसं काही मिळणार नाही. पहिले चार-सहा महिने टिकायचं कसं, एवढाच इथला विषय आहे. बहुतेकांचा व्यायाम सुटतो तो याच काळात.

पंधरा मिनिटं चालून आलो. त्यात कौतुक करण्यासारखं काय आहे?

पंधरा मिनिटांत काही नाही. तुम्ही उठून गेलात, त्याचं कौतुक आहे.

व्यायामाचा त्रास आजचा असतो. थंडीत पांघरूण सोडायचं, पोटऱ्या दुखणार, आंघोळीला उशीर, डब्याची घाई. फायदा मात्र सावकाश येतो. वजनकाटा हलायला आठवडे जातात. एचबीए१सी ही तपासणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, म्हणजे तिच्यात फरक दिसायला तेवढे दिवस धीर धरायचा. रक्तदाबाची गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टर ठरवणार, तेही पुढे कधीतरी. त्रास आज आणि फळ तीन महिन्यांनी, असं काम स्वतःच्या मर्जीने रोज करणारी माणसं थोडी. मधलं अंतर भरून काढायला आजच्या आज काहीतरी बरं वाटावं लागतं.

शरीर स्वतःही थोडं बक्षीस देतं, पण ते ओळखावं लागतं. चालून आल्यावर डोकं हलकं वाटतं, रात्री झोप जरा लवकर लागते. पहिल्या काही आठवड्यांत बैठका वाढतात त्या मांड्यांचे स्नायू मोठे झाल्यामुळे नव्हे. आहे त्या स्नायूंकडून जास्त काम करून घ्यायला मज्जासंस्था शिकते, म्हणून वाढतात. स्नायूंची वाढ नंतरची. आरशात काहीच फरक नाही आणि तरी जिना सोपा वाटायला लागला, हे म्हणूनच घडतं. लक्ष नसेल तर हा फरक निसटून जातो आणि माणूस म्हणतो, ‘महिना झाला, काही उपयोग नाही.’

मग ‘छोटं यश’ म्हणून नेमकं काय धरायचं?

जे तुमच्या हातात आहे ते. ‘या आठवड्यात चार दिवस गेलो’ हे हातात आहे. ‘या आठवड्यात अर्धा किलो उतरलो’ हे नाही. लग्नाचं जेवण, पाळी, मिठाचं लोणचं, अपुरी झोप, कशानेही काटा वरखाली होतो.

धरण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. गजर झाल्यावर तो पुढे न ढकलता उठलात. पाऊस होता म्हणून बाहेर न जाता इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारल्यात. काल जोर लावून पाय दुखावले होते, म्हणून आज मुद्दाम हळू चाललात (हे खरोखर यश आहे, हौशी लोकांना हेच जमत नाही). पर्वतीच्या १०३ पायऱ्यांत पूर्वी तीन ठिकाणी टेकत होता, आता एकाच ठिकाणी टेकता. भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेलात आणि दार उघडणाऱ्याशी लगेच बोलू शकलात.

एक सोपी खूण अशी: चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, तर वेग मध्यम आहे आणि तो पुरेसा आहे. ज्या रस्त्यावर सुरुवातीला बोलतानाही धाप लागत होती, तिथे आता गुणगुणता येत असेल तर दमसास वाढला. यंत्र लागत नाही, सूरही लागत नाही.

साजरं करायचं म्हणजे काय करायचं? पार्टी?

नाही. पार्टी मोठी असते, उशिरा असते आणि खर्चाची असते. इथे उलट हवं. लगेच, लहान आणि फुकट.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले वर्तन-अभ्यासक बी. जे. फॉग यांचं सांगणं असं की नवं काम केल्याच्या त्याच क्षणी स्वतःला बरं वाटेल असं काहीतरी करावं. त्या आनंदामुळे ते वागणं अंगवळणी पडतं. संध्याकाळपर्यंत थांबलात तर त्याचा सकाळच्या चालण्याशी संबंध राहत नाही. टेकडी उतरल्यावर ‘झालं!’ असं मोठ्याने म्हणणं, सोबत्याला टाळी देणं, बूट काढण्याआधी दोन मिनिटं ओट्यावर नुसतं बसणं, एवढं पुरतं. गडावर पोचल्यावर लोक शिवाजी महाराजांचा जयजयकार करतात तेव्हा शेवटच्या चढावरचा थकवा कसा उतरतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना अधिक सांगायला नको.

आणि कॅलेंडर. मोबाईलमधलं नव्हे, भिंतीवरचं. स्वयंपाकघरातल्या ज्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहिता, त्याच चौकोनात व्यायामाची खूण करायची. लाल पेन्सिलीने ठसठशीत. दुधाचा खाडा नजरेतून सुटत नाही, तसा हाही सुटत नाही. शिवाय घरातले सगळे तिथून ये-जा करतात. न विचारता कोणीतरी म्हणतं, ‘या आठवड्यात बरेच दिवस झाले की!’ ते ऐकायला मिळणं मोबाईलवर उडणाऱ्या रंगीत फुग्यांपेक्षा कितीतरी बरं.

स्वतःच स्वतःचं कौतुक करायला लाज वाटते.

वाटणारच. आपल्याकडे मुलाने नव्वद टक्के मिळवले तरी ‘उरलेले दहा कुठे गेले?’ असं विचारणारी घरं आहेत. त्या घरांत वाढलेला माणूस पन्नाशीत एकदम स्वतःला शाबासकी देईल कसा? मग बोलू नका. खूण करा आणि गप्प बसा. पेन्सिलीला लाज नसते.

रविवारी टेकडीनंतर आम्ही सगळे मिसळ खातो. ते साजरं करणं नाही का?

आहे, आणि मिसळीशी माझं वैर नाही. पण हिशोब माहीत असू द्या. साठ-सत्तर किलोच्या माणसाचे अर्ध्या तासाच्या भरभर चालण्यात साधारण सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात त्याच्या दुपटीच्या आसपास असतात. मिसळीवरची तर्री, जादाचे दोन पाव आणि नंतरचा ‘हाफ’ चहा धरला तर विचारायलाच नको.

खरी अडचण कॅलरीपेक्षा वेगळी आहे. रोजच्या चालण्याला रोजचा खाऊ जोडला की हळूहळू चालणं हे खाण्याचं भाडं होऊन बसतं. एखाद्या दिवशी वडापावची गाडी बंद असली की पाय उचलत नाहीत. आठवड्यातून एकदा, मित्रांबरोबर, गप्पांसाठी मिसळ खाल्ली तर बिघडत नाही. त्या गप्पाच लोकांना रविवारी अंथरुणातून बाहेर काढतात. मात्र रोजचं बक्षीस खाण्याचं नको. गरम पाण्याने निवांत आंघोळ, आवडीचं नाट्यगीत, पेपर कोणाच्या आधी स्वतः उघडणं, असलं काहीतरी निवडा. चहा रोजचा आहे, तो बक्षीस धरू नका.

दिवसाला दहा हजार पावलं झाली नाहीत तर दिवस फुकट गेला का?

दहा हजार हा आकडा वैद्यकशास्त्राने आधी सिद्ध करून मग जगाला दिलेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, जपानच्या यामासा कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव होतं ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा गोल होता, लक्षात राहिला आणि पुढे मोबाईलमध्ये येऊन बसला.

हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकन महिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. साधारण ७,५०० नंतर त्यात आणखी फरक पडेना. हा अभ्यास वयस्कर महिलांचा आहे, तिशीतल्या माणसाने तो जसाच्या तसा स्वतःला लावू नये. पण सुरुवात करणाऱ्याला त्यातून धीर मिळतो. सगळ्यात मोठा लाभ खालच्या पायऱ्यांवर आहे, शिखरावर नाही.

म्हणून आधी आठवडाभर काहीही न बदलता नुसती मोजणी करा. तीन हजार येत असतील तर पुढचं लक्ष्य साडेतीन हजार. ते झालं की खूण. शेजारच्या काकांचे बारा हजार होतात याच्याशी तुमचा संबंध नाही. काका निवृत्त आहेत.

२१ दिवस केलं की सवय लागते म्हणतात. मला दीड महिना झाला, अजून रोज जिवावर येतं. माझ्यातच काही कमी आहे का?

नाही. कमी त्या २१ या आकड्यात आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ गळाला, चेहरा गळाला आणि उरला तो २१ दिवसांचा मंत्र.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या गटाने ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला सांगून बारा आठवडे मागोवा घेतला. ती गोष्ट आपोआप घडू लागायला लागलेला मधला आकडा ६६ दिवस निघाला. माणसामाणसांतला फरक मात्र प्रचंड होता, १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर रुळली, व्यायामाला जास्त दिवस लागले. दीड महिन्यात जिवावर येत असेल आणि तरी तुम्ही जात असाल, तर तुमची गाडी अगदी वेळेवर आहे.

मध्ये खंड पडला. पाहुणे आले, मग ताप आला, मग गणपती. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. जूनमध्ये पावसामुळे येतो, सप्टेंबरात सणांमुळे आणि मार्चमध्ये मुलांच्या परीक्षांमुळे.

पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, कारण केलेलं पुसलं जात नाही. लॅली यांच्याच अभ्यासात दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही. फरक आपण पाडतो. एक दिवस चुकतो, आपण स्वतःवर चिडतो, ‘मला काही जमायचं नाही’ म्हणतो आणि मग पुढचे वीस दिवस चुकतात. मोबाईलमधली ‘सलग दिवसांची’ मोजणी इथे घात करते. चाळीसवर गेलेला आकडा तापाच्या एका दिवसाने शून्यावर येतो, आणि शून्य बघून भल्याभल्यांचा उत्साह मावळतो. ती मोजणी बंद करा. त्याऐवजी महिन्याचे एकूण दिवस मोजा. तीसपैकी सतरा, मग तीसपैकी एकोणीस. तापाने त्यातून दोन-तीन दिवस जातील, शून्य होणार नाही.

आमच्या सकाळच्या गटात एक रीत आहे. खंडानंतर जो परत येतो त्याच्यासाठी त्या दिवशी टाळ्या वाजतात. रोज येणाऱ्यांसाठी वाजत नाहीत. एकदा एका नियमित काकूंनी तक्रार केली, ‘म्हणजे आम्ही येतो हा गुन्हा?’ तक्रार रास्त होती, पण रीत बदलली नाही. रोज येणं काकूंना आता सोपं झालंय. महिन्याभराने सगळ्यांसमोर परत येणं अवघड असतं. जे अवघड, त्याला टाळी.

परत येताना एक पथ्य पाळा. जिथे सोडलं तिथून सुरू करू नका. तापानंतर तर नाहीच. पूर्वी अर्धा तास चालत असाल तर पंधरा मिनिटं चाला आणि त्या पंधरा मिनिटांची खूण पूर्ण दिवसाची म्हणून करा. अर्धी खूण, तिरकी रेघ, कंसातली खूण असले प्रकार नकोत.

लक्ष्य फार लांबचं वाटतं. मधले टप्पे कसे पाडायचे?

आपल्याकडे याची उत्तम सोय शेकडो वर्षांपासून आहे. वारीचा रस्ता घ्या.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते ते अंतर सुमारे २५० किलोमीटर. रोज दोन किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस चाललात तर आठवड्याला दहा, म्हणजे साधारण सहा महिन्यांत तुम्ही तुमच्या सोसायटीच्या आवारातच पंढरपूरला पोचता. एका कागदावर मुक्काम उतरवून घ्या: पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. जितकं चाललात तितकी रेघ पुढे ओढायची.

यात एक अडचण आहे. वारीचे पहिले दोन टप्पेच लांब आहेत. पुणे ते सासवड तीस किलोमीटरच्या वर आणि त्यात दिवे घाट. वारकऱ्याला ते एका दिवसात जमतं, तुमच्या हिशोबाने त्याला तीन आठवडे लागतील. नवखा माणूस तीन आठवडे एकाच ओळीवर अडकला तर कागद फ्रिजवरून खाली येतो. म्हणून सुरुवातीचे टप्पे बारीक करायचे. आळंदी सोडल्यावर थोरल्या पादुका, मग दिघी, मग विश्रांतवाडी. पुढे हडपसर, उरुळी देवाची, वडकी नाला, घाट, झेंडेवाडी आणि मग सासवड. म्हणजे दर तीन-चार दिवसांनी एखादं नाव पार पडतं. लोणंदपर्यंत पोचलात, साधारण अकराव्या आठवड्यात, की पाय आणि मन दोन्ही सरावलेले असतात. तिथून मोठे टप्पे चालतात. लोणंद ते तरडगाव तर जेमतेम आठ किलोमीटर आहे, ते चारच दिवसांत हातावेगळं होतं.

वारीकडून शिकण्यासारखी गोष्ट अशी की आनंद पंढरपुरासाठी राखून ठेवलेला नसतो. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, पुढे सदाशिवनगरला गोल रिंगण. घोडा धावतो, त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात, फुगड्या रंगतात. नीरेत पादुकांना स्नान घातलं जातं. विठोबा अजून कितीतरी लांब असतो. आणि पुण्याला व सासवडला पालखी दोन-दोन रात्री मुक्कामाला थांबते. त्या विसाव्याला वारी बुडाली असं कोणी म्हणत नाही. तुमच्या कागदावरही हे विसावे आणि रिंगणं लिहून ठेवा. चांदोबाच्या लिंबाला पोचलात की त्या रविवारी घरातल्या सगळ्यांना घेऊन बागेत जा, हवी तर फुगडी घाला. सासवडला दोन दिवस सुट्टी, मनाला टोचणी न लावता.

श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. ज्यांना वारीचं सोयरसुतक नाही ते मुंबई-गोवा महामार्ग घेतात. मुंबईचा एक तरुण पनवेल, नागोठणे, माणगाव, महाड, पोलादपूर करत निघाला होता. त्याच्या कागदावर कशेडी घाटापुढे ‘इथे सोलकढी’ असं लिहिलेलं होतं.

दोन महिने झाले, वजन तिथेच आहे. साजरं काय करू, कपाळ?

वजन मुख्यतः ताटावर ठरतं. नुसत्या चालण्याने ते फार उतरत नाही, हे आधीच कोणी सांगत नाही म्हणून निराशा होते. व्यायामाचे इतर फायदे मात्र वजन न उतरताही मिळतात. रक्तातली साखर, रक्तदाब, झोप, मूड, तोल, सांध्यांची हालचाल, यांतलं काहीच काट्यावर दिसत नाही.

म्हणून दुसऱ्या गोष्टी मोजा. एक म्हणजे विश्रांतीची नाडी. सकाळी जाग आल्यावर, उठून बसण्याआधी, मनगटावर बोटं ठेवून तीस सेकंद ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. मोठ्या माणसात साधारणपणे हा आकडा ६० ते १०० च्या दरम्यान असतो. नियमित व्यायामाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं आणि आकडा सावकाश खाली येतो. आठवड्यातून एकदा, रविवारी, मोजा. रोज मोजलंत तर त्याचाही काटा होईल.

दुसरी म्हणजे पट्ट्याचं भोक. तिसरी म्हणजे जिना. तुमच्या ऑफिसचे तीन मजले चढायला किती वेळ लागतो आणि वर पोचल्यावर किती वेळ बोलता येत नाही, हे आज लिहून ठेवा आणि महिन्याने बघा.

मी गृहिणी आहे. सलग अर्धा तास मला कधीच मिळत नाही. सासूबाईंचं जेवण, मुलांचे डबे, मग नळाला पाणी.

सलग अर्धा तास लागतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. पूर्वी त्यात एक अट होती: किमान दहा मिनिटं सलग केलेलंच धरायचं. २०२० च्या सूचनांमधून ती अट काढून टाकली. म्हणजे कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत गच्चीच्या जिन्यावर केलेल्या चार फेऱ्यासुद्धा मोजायच्या.

तुमच्यासाठी खूण प्रत्येक तुकड्याला करा, दिवसाच्या शेवटी एकदाच नको. ओट्याजवळ वाटीत शेंगदाणे किंवा बटणं ठेवून तुकडा झाला की एक दुसऱ्या वाटीत टाकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांची पद्धत कोणत्याही घड्याळाइतकी चोख चालते. (बटणंच बरी. शेंगदाणे संपतात.)

आणि एक. घरकामात दमणूक होते हे खरं, पण दमणूक म्हणजे स्वतःसाठी काढलेला वेळ नव्हे. ती दहा मिनिटं घरातल्या कोणाच्या कामाची नाहीत, हेच त्यांचं महत्त्व.

जिमचे वर्षाचे पैसे एकदम भरले. हे पहिलं यश धरू का?

नाही. ते जिमचं यश आहे.

नवे बूट आधी घ्यावेत की बक्षीस म्हणून नंतर?

चालण्यासाठी पायाला नीट बसणारे, न चावणारे बूट आधीच हवेत, ते बक्षीस नव्हे. महागडं घड्याळ, ब्रँडेड टी-शर्ट, हेडफोन हे नंतर. फलटणला पोचल्यावर घ्या.

सूर्यनमस्कार घालायचे आहेत. बारापासून सुरुवात करू?

बारा हा आकडा सूर्याच्या बारा नावांमुळे मनात बसला आहे, पण ज्याने शाळा सुटल्यापासून जमिनीला हात लावलेले नाहीत त्याला पहिल्या दिवशी बारा जड जातात. तीन घाला, नीट, श्वास सांभाळून. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन प्रसार केला, आणि त्यांचाही भर रोज घालण्यावर होता.

रथसप्तमीला ठिकठिकाणी १०८ नमस्कारांचे कार्यक्रम होतात. वर्षभर रोज घालणाऱ्याला तो सोहळा शोभतो. त्या एका दिवशी उत्साहात १०८ घालून पुढचे आठ दिवस जिना कठड्याला धरून उतरणारेही दरवर्षी भेटतात. न सवयीच्या व्यायामाने येणारी अंगदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग ओसरते. तुमचं यश असं धरा: तीन नमस्कार, दोन आठवडे, आणि शेवटच्या नमस्कारात टाचा जमिनीकडे पहिल्यापेक्षा जास्त गेल्या. नंतर एक वाढवा.

बाबा ६८ वर्षांचे आहेत. ‘आता या वयात कसलं यश’ म्हणतात.

त्यांना खुर्ची दाखवा. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली. दोन्ही हात छातीवर घडी घालून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा, तुम्ही जवळ उभे राहून. आकडा लिहा, तारीख लिहा. आठवड्यातून दोन-तीन दिवस हाच व्यायाम थोडा थोडा करून महिन्याने पुन्हा मोजा. या वयात ताकद वाढत नाही हा समज बाबा स्वतःच मोडतील. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्या लोकांना आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगते, ते पडणं टळावं म्हणून. बाबांना ‘तोल सुधारेल’ म्हणण्यापेक्षा ‘जमिनीवर बसून पंगतीत जेवता येईल’ म्हणा. लवकर पटतं.

घरचे चेष्टा करतात. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकू का, म्हणजे गप्प बसतील?

गप्प बसणार नाहीत, जास्त बोलतील. मामा अंगठा दाखवतील, एक भाऊ ‘किती दिवस टिकतंय बघू’ लिहील आणि दिवसभर तुमच्या डोक्यात अंगठा राहणार नाही, ते वाक्य राहील. सगळ्यांना सांगण्याऐवजी एक माणूस निवडा. बहीण, जुनी मैत्रीण, ऑफिसमधला शेजारी. रोज फक्त ‘झालं’ एवढा निरोप पाठवायचा. समोरूनही ‘झालं’ यायला लागलं तर फारच छान. एका वाक्यापलीकडे जायची गरज नाही.

ज्यांच्याशी बोलावंसं वाटतं अशी माणसं घरात नसतील तर मैदानावर असतात. शिवाजी पार्क, रंकाळा, फुटाळा, कुठेही सकाळी सहाला जा. तिसऱ्या आठवड्यापासून लोक ओळखीचं हसायला लागतात. पाचव्या आठवड्यात तुम्ही दोन दिवस आला नाहीत तर विचारतात.

साजरं करण्याच्या नादात काय चुकू नये?

लक्ष्य पुरं करायचंच म्हणून शरीराचं ऐकणं सोडू नये. छातीत दाब किंवा दुखणं, ते डाव्या हातात वा जबड्यात जाणं, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप, दरदरून घाम येणं, यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबा आणि विनाविलंब वैद्यकीय मदत घ्या. खूण गेली खड्ड्यात. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात एकदम खाली येऊ शकते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेची पुडी ठेवा. हात थरथरले आणि ती साखर खाल्ली, तर ते बक्षीस नाही, औषध आहे. तेवढ्यापुरता वरचा वडापावचा हिशोब विसरा.

हे खुणा करणं, टाळ्या देणं आयुष्यभर करायचं का?

नाही. एक दिवस असा येतो की संध्याकाळी आठवतं, ‘अरे, आज खूण करायची राहिली,’ आणि चालणं मात्र झालेलं असतं. किंवा गावाला गेल्यावर कोणी न सांगता तुम्ही सकाळी रस्ता शोधत बाहेर पडता. तेव्हा चालण्याच्या खुणा थांबवल्या तरी चालतं.

पेन्सिल मात्र टाकू नका. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम करायचे असतात आणि चालणाऱ्यांपैकी बहुतेक जण ते टाळतात. भिंतीला टेकून जोर, खुर्चीच्या बैठका, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, हे त्यात येतं. तिथे तुम्ही पुन्हा नवखे असता, दंड पुन्हा दुखतात, काही आठवडे काहीच दिसत नाही. कालनिर्णयवर मंगळवार आणि शुक्रवारचे चौकोन मोकळे आहेत, तिथून सुरू करा.